नमुन्याबाहेरची मिनिटं

शुभा तळवडेकर गेली एकवीस वर्षं मुलुंडच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवत होती, आणि इतक्या वर्षांत अभ्यासक्रम तीनदा बदलला, प्राचार्य पाच बदलले, तरी पहिल्या तासाला बटणांचा डबा घेऊन वर्गात जायची तिची पद्धत काही बदलली नव्हती. डब्यात पाचशे बटणं असत, काही लाल, बाकीची पांढरी. लाल किती ते मोजायचं नाही. डबा नीट हलवायचा, न बघता वीस बटणं काढायची, त्यांतली लाल मोजून फळ्यावर आकडा लिहायचा, बटणं परत टाकायची आणि पुन्हा डबा हलवायचा. पोरं आधी खिदळत, मॅडमना बालवाडी द्यायला हवी होती असं एकमेकांच्या कानात सांगत. पण दहा-बारा वेळा बटणं काढून झाली की फळ्यावरच्या आकड्यांची सरासरी खऱ्या उत्तराच्या इतकी जवळ जाई की मागच्या बाकावरचे टगेसुद्धा गप्प होत. "आठवतं त्याच्यावर कधी जाऊ नका," ती सांगे. "आठवण आपल्या आवडीचं तेवढंच वर काढते. खरं हवं असेल तर न निवडता बघायला शिका." कॉलेजात तिला पाठीमागे ‘सॅम्पल मॅडम’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

काही वाटत नसणं हे अलीकडे सगळ्याच बाबतीत झालं होतं. अकरा महिन्यांपूर्वी तिचा नवरा अनिरुद्ध साकीनाक्याच्या आपल्या छोट्या युनिटमध्ये दुपारचा डबा खाऊन खुर्चीत जरा टेकला, तो उठलाच नाही. माणसं आली, रडली, गेली. शुभा रडली नाही. तेराव्याच्या दिवशी तिने आचाऱ्याला आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि ते खरंच कमी होतं. पुढे ती कॉलेजला जाऊ लागली, पेपर तपासले, कुकर लावले, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन गच्चीच्या गळतीवर दोन शब्द बोलली. पण दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं तिला अख्ख्या स्वतःबद्दल वाटत राहिलं. ते इंजेक्शन कधीतरी उतरेल अशी तिने काही महिने वाट पाहिली आणि मग वाट पाहणंही आपोआप थांबलं.

घरात आता तिच्याखेरीज फक्त निधी होती, तिची मुलगी, सोळा वर्षांची, नुकतीच दहावी पास झालेली. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, त्यात कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने टाकायची होती, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुदत होती. मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी निधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मी रुचिरामावशीकडे राहू का? मग बोरिवलीची कॉलेजं टाकते वरती."

रुचिरा ही शुभाची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, आणि निधीवर तिचा भारी जीव होता. शुभाने तव्यावरची पोळी उलटली.

"का गं?"

"असंच."

"असंच कसं? बोरिवली काय इथे आहे?"

निधीने चौकटीवरचा रंग नखाने खरवडला. "तू नसतेस ना यार घरात," ती म्हणाली. "परवा मी तुला तीन हाका मारल्या. तू माझ्यासमोर होतीस. हातात वाटी होती तुझ्या. तीन हाका, आई."

शुभाच्या काळजात चर्र व्हायला हवं होतं. तसं व्हायला हवं हे तिला कळलं, एवढंच. निधी गेली तर आपल्यात जे काही थोडं शिल्लक आहे तेही तिच्या बॅगेतून बोरिवलीला जाईल, आणि मग या घरात सकाळी उठण्याचं कारण राहणार नाही, हेही तिला अगदी स्वच्छ कळत होतं. फक्त ते कुणा दुसऱ्या बाईच्या कुंडलीत वाचावं तसं कळत होतं. तिला मुलीला जवळ घ्यायचं होतं आणि हात पोळीवर होता. मग तिला जे येत होतं ते तिने केलं.

"असं किती वेळा झालं?" तिने विचारलं.

"मी काय मोजत बसते?"

"तेच तर. एक प्रसंग लक्षात राहिला म्हणजे रोज तसंच होतं असं नाही. मोजू या आपण. मोजल्यावर तुला जायचं असेल तर जा."

निधीला हसूच आलं. "तू अशक्य आहेस," ती म्हणाली. पण ती तयार झाली. बाप गेल्यापासून आईने तिच्याबरोबर मिळून करायला काढलेली ही पहिलीच गोष्ट होती.

योजना साधी होती. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत आठशे चाळीस मिनिटं होतात. शुभाच्या जुन्या पुस्तकाच्या शेवटी यादृच्छिक अंकांचा तक्ता होता, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या आकड्यांची सहा पानं. रोज सकाळी डोळे मिटून त्या पानावर पेन्सिल टेकवायची, तिथून पुढे तीन-तीन अंक वाचायचे, आठशे चाळीसच्या वरचे सोडून द्यायचे, आणि अशी दहा मिनिटं निवडायची. दोनशे त्रेसष्ट आलं की अकरा वाजून तेवीस मिनिटं. दोघींच्या फोनवर त्या दहा वेळांचे गजर. त्यासाठी निधीने बदकाचा आवाज निवडला होता. बदक ओरडलं की दोघींनी आपापल्या वहीत ताबडतोब लिहायचं, आई कुठे आहे आणि काय करते आहे. निधीच्या वहीत आणखी एक रकाना होता. आईचं लक्ष खरोखर इथे असलं तर ‘आहे’, नुसतीच दिसत असली तर ‘नाही’.

घर तीन खोल्यांचं: हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली. बाथरूम स्वयंपाकघरात धरायची, गॅलरी आतल्या खोलीत. गजर झाल्यावर शुभाने लिहिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. रविवारपर्यंत एकमेकींची वही बघायची नाही. आणि शेवटचा नियम, जो कुठल्याच पुस्तकात नाही, शुभाचा स्वतःचा होता: दोन गजरांच्या मधे कुणी लक्ष ठेवायचं नाही, डोकावून खात्री करायची नाही. "नमुन्याबाहेरचं बघत बसलं की नमुना नासतो," तिने निधीला बजावलं. वर्गात ती याच वाक्यावर टेबलावर खडू आपटत असे.

पहिला आठवडा बदकाच्या तंत्राने गेला. कॉलेजला सुट्टी होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि दोघी बहुतेक वेळ घरातच होत्या. स्वयंपाकघर, भाजी निवडत होते. आतली खोली, कपाट आवरत होते. हॉल, बसले होते. शुभाच्या लक्षात आलं की ‘काय करत होते’ हे लिहायला तिला सोपं जात होतं, कारण ती सारखी काहीतरी करतच असे.

रविवारी चहा घेऊन दोघी वह्या समोरासमोर ठेवून बसल्या. सत्तर नोंदी, निधी बाहेर असतानाच्या नऊ वगळल्या तर एकसष्ट. त्यांपैकी बावन्न वेळा निधीने ‘नाही’ लिहिलं होतं. शुभाने तो आकडा वाचला, खाली रेघ मारली. मुलीचं म्हणणं खरं होतं, आणि नमुना चांगला मोठा होता. नऊ वेळा मात्र ‘आहे’ होतं, आणि ती नऊ कुठली हे बघताना ती थबकली.

मंगळवार, अकरा तेवीस. तिच्या वहीत: बाथरूम, कपडे भिजवत होते. निधीच्या वहीत: हॉल, माझ्याशेजारी बसून पेपर वाचतेय, आहे.

गुरुवार, पाच दहा. तिच्या वहीत: स्वयंपाकघर, कोथिंबीर. निधीच्या वहीत: गॅलरी, खाली बघतेय, मला बोलावून बहावा दाखवला, आहे.

नऊच्या नऊ तशाच होत्या. जिथे जिथे ‘नाही’ होतं तिथे दोन्ही वह्या जुळत होत्या, आणि जिथे ‘आहे’ होतं तिथे आई एका वहीत एका खोलीत आणि दुसऱ्या वहीत दुसऱ्याच खोलीत होती.

"तू नंतर आठवून लिहिलंस का गं हे?"

"नाही. बदक झालं की लगेच."

"मंगळवारी मी कपडे भिजवत होते."

"तू माझ्याशेजारी होतीस," निधी म्हणाली. तिच्या आवाजात वाद नव्हता. "तू मला शब्दकोड्यातला आडवा पाच विचारलास. आई, अजून एक आठवडा करू या ना. मला आवडतंय हे."

निरीक्षणात चूक असतेच, शुभाने स्वतःला समजावलं. एकसष्टात नऊ म्हणजे काही फार नव्हे. दोन्ही फोनची घड्याळं तिने जुळवून पाहिली. ती सेकंदाला सेकंद बरोबर होती.

दुसऱ्या आठवड्यात घरातला आवाज वाढला. स्वयंपाकघरात असताना हॉलमधून बोलणं ऐकू येई, मधेच निधीचं हसणं. फोनवर असेल कुणाशी, असं शुभाला वाटे, आणि डोकावून पाहायचं तिच्या मनात आलंच तर नियम आठवून ती पुन्हा ओट्याकडे वळे. नियम मोडण्याइतकी उत्सुकता तिच्यात नव्हतीच, हे खरं तर त्याहून मोठं कारण होतं.

बुधवारी दुपारी तिने निधीचे केस पाहिले. चांगले चापून तेल लावलेले, दोन वेण्या घातलेल्या, अगदी शाळेत असताना ती घालून द्यायची तशा.

"कुणी घातल्या गं वेण्या?"

निधीने नवलाने वर पाहिलं. "तूच नाही का घातल्यास? मघाशी."

"मघाशी म्हणजे?"

"बदकाच्या वेळी."

शुभाने आत जाऊन आपली वही काढली. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं: गॅलरी, कपडे वाळत घालत होते. तिने गॅलरीत जाऊन पाहिलं. दोरीवर कपडे होते, चिमटे लावलेले, अजून ओले. मग तिने आपले तळवे हुंगले. त्यांना साबणाचा वास होता, तेलाचा नव्हता. एखाद्या माणसाला विसर पडतो, हात एक करत असताना मन दुसरीकडे असतं, हे सगळं तिने ऐकलेलं होतं आणि त्या बाजूने तिने प्रामाणिकपणे विचारही केला. पण विसरलेलं माणूस दोनपैकी एकच काम करून ठेवतं. इथे दोन्ही कामं झालेली होती.

शुक्रवारी सरूबाई दारात आली. ठाण्याच्या खाडीकडल्या कोळीवाड्यातून ती मासळी घेऊन यायची, आणि आता आगोटीचे, पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस म्हणून टोपलीत सुकी मासळी होती. अनिरुद्ध गेल्यापासून शुभाने तिच्याकडून काही घेतलं नव्हतं, आणि सरूबाईही समजून न थांबता पुढे जात असे. आज तिने सरळ टोपली उतरवली.

"घे बाय, तुझे बोंबील. मोठे मोठे बघून ठेवले."

"मी कुठे सांगितलं होतं?"

"आता काय! परवा गॅलरीतून वरडून सांगितलंस ना, बोंबील आण, जवळा आण. तुझी पोरगी पण होती बाजूला." सरूबाईने पदराने कपाळ पुसलं. "किती दिसांनी हसताना बघितली तुला. बरं वाटलं गं जिवाला."

शुभाने बोंबील घेतले. सरूबाईचं बरं वाटणं उगाच मोडायचं कशाला, असा विचार तिने केला, आणि दार लावून घेतलं.

त्या रविवारी वह्या जुळवताना निधी समोर बसली नाही. वही टेबलावर ठेवून ती हॉलमधे टीव्ही लावून बसली, आणि शुभाने एकटीनेच बेरजा केल्या. ‘आहे’ एक्केचाळीस झाले होते. त्यांतल्या काही वेळा खोल्या जुळतही होत्या, पण जुळण्यात काही दम नव्हता. शनिवारी आठ पाचला दोन्ही वह्यांत स्वयंपाकघर होतं. निधीने पुढे लिहिलं होतं, ‘गाणं गुणगुणतेय, मला चमच्याने आमटी चाखायला दिली.’ शुभाच्या वहीत त्या वेळी ती भांडी घासत होती. आमटी तिने त्यानंतर तासाभराने केली होती.

तिला भीती वाटायला हवी होती. ती वाटते का हे तिने थोडा वेळ थांबून तपासून पाहिलं, चटका बसल्यावर बोट हलवून पाहावं तसं. काही वाटलं नाही. उलट पहिल्या आठवड्यातल्या त्या बावन्न ‘नाही’पेक्षा हे बरं, असंच तिच्या मनात आलं. निधी दोन वेळा नीट जेवत होती, तिच्या डोळ्यांखालची काळजी गेली होती, आणि बोरिवलीचं नाव तिने दहा दिवसांत काढलं नव्हतं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता तेच घडत होतं, मग कसं घडतं आहे म्हणून कुठे तक्रार करायची आणि कुणाकडे?

तिसरा आठवडा सुरू करायचा की नाही हे कुणी कुणाला विचारलं नाही. सकाळी शुभा पेन्सिल टेकवून दहा वेळा काढी, चिठ्ठी फ्रिजवर लावी, आणि बदकं ओरडत राहत. निधी स्वयंपाकघरात येई ती पाण्यासाठी, बाटली भरून घेई आणि जाई. हाक मारत नसे. आपणच तिला काही बोललो तर ऐकेल, असं शुभाला दोन-तीनदा वाटलं, पण काय बोलायचं ते सुचेपर्यंत ती गेलेली असे.

बुधवारी दुपारी बदक ओरडलं आणि त्याच वेळी दाराची बेल वाजली. शुभा ओट्यापाशी डाळ निवडत होती. लिहिल्याशिवाय हलायचं नाही. तिने वही ओढली, ‘स्वयंपाकघर, डाळ’ एवढं लिहिते आहे तोच हॉलमधलं दार उघडल्याचा आवाज आला, आणि सरूबाईचा खणखणीत गळा, आणि त्याला उत्तर देणारा दुसरा. "एवढासा जवळा आणि हा भाव? सरूबाई, मी काय आज ओळखते तुम्हाला?" मग तिघींचं हसणं. आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकला की तो ओळखू येतो आणि तरी थोडा परका वाटतो, तसा तो होता. शुभा पेन हातात धरून उभी राहिली. आता लिहून झालं होतं, आता हलायला हरकत नव्हती. पण लगेच तिच्या मनात आलं की बदकाचं मिनिट तर संपलं, हे आता नमुन्याबाहेरचं आहे. एकवीस वर्षांची सवय अशी पायात पाय घालून उभी राहिली, आणि दार बंद झालं. थोड्या वेळाने तिने पाहिलं तर ओट्यावर जवळ्याची पिशवी होती. तिने तो निवडला, धुतला, कांद्यावर परतला. संध्याकाळी दोन ताटं धुवायला मोरीत आलेली होती, चाटूनपुसून खाल्लेली, आणि शुभाला भूक नव्हती.

शनिवारी निधी दुपारची झोपली होती. शुभाने तिची वही उघडली. एक दिवस आधी बघणं म्हणजे नियम मोडणं होतं, तरी तिने उघडली. या आठवड्यात निधी बाहेर गेलीच नव्हती; तोवर सदुसष्ट नोंदी झाल्या होत्या, आणि सदुसष्टही ‘आहे’. ती नोंदी वाचत गेली. आई माझी नखं कापतेय. आई बाबांचा जुना फोटो घेऊन बसलीये, रडतेय, मी पण रडले, मग बरं वाटलं. आई म्हणाली पावसाळ्यात मालवणला जाऊ. आई हरली, पत्ते माझ्यावर फेकले. आई झोपलीये, माझा हात धरून.

मग शुभाने खोल्या जुळवल्या, कारण ते तिला येत होतं. सदुसष्टपैकी बावीस वेळा दोन वह्यांतली खोली एकच होती. तिने बावीसला सदुसष्टने भागलं, आणि उत्तराखाली रेघ मारली. घरात तीन खोल्या असतील आणि त्यांतून दोन माणसं आपापल्या मनाने हिंडत असतील, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली, एकीला दुसरीची खबरही नसलेली, तर तीन वेळांत एकदा ती निव्वळ योगायोगाने एका खोलीत सापडतात. हे गणित ती दर वर्षी फळ्यावर करून दाखवायची, आणि वर्गातलं सगळ्यात मठ्ठ पोरगंही ते बरोबर सोडवायचं. शून्य दशांश तेहतीस. एवढं स्वच्छ उत्तर तिला बटणांच्या डब्यातूनही कधी मिळालं नव्हतं.

निधी कुशीवर वळली. झोपेत ती किंचित हसली, आणि तिचा हात अंथरुणावर पुढे सरकून काहीतरी धरल्यासारखा मिटला. ते बघताना शुभाच्या छातीत काहीतरी हललं. ते काय आहे हे तिला लगेच ओळखू आलं नाही, कारण अकरा महिन्यांत तिने असलं काही अनुभवलं नव्हतं. तो हेवा होता. ज्या बाईने त्या मुलीची नखं कापली, जी तिच्याबरोबर त्या फोटोसमोर रडली, तिचा तिला हेवा वाटला, इतका की डोळ्यांत पाणी यावं. पाणी मात्र आलं नाही.

उद्या रुचिरा येणार होती आणि सोमवारी फॉर्मची मुदत संपत होती. शुभाने ठरवलं: उद्या आपण हॉलमधे जाऊन बसायचं. बदक ओरडो न ओरडो, सकाळपासून निधीच्या शेजारी जाऊन बसायचं, तिचा हात धरायचा आणि सांगायचं, मी आहे.

रविवारी सकाळी मात्र आधी दूध आलं, मग पाणी भरायचं राहिलं होतं, मग रुचिरा येणार म्हणून घावन्यांचं पीठ भिजवायचं होतं. एक काम दुसऱ्याच्या हातात हात घालून येत गेलं. साडेदहाला बेल वाजली तेव्हा ती चहाचं आधण ठेवत होती. हॉलमधे दार उघडलं. बोरिवलीहून घोडबंदरचा वळसा घालून आलेली रुचिरा दारातच म्हणाली, "बाई गं, काय ते ट्रॅफिक, वाट लागली नुसती!" आणि मग तिचा आवाज एकदम थांबला.

"ताई!" ती म्हणाली. "ताई, अगं किती छान दिसतेस! मी वेड्यासारखी काळजी करत होते."

"बस आधी. निधी, मावशीला पाणी दे."

आपला आवाज. शुभाने गॅस बारीक केला. निधी आत आली, माठातून पेला भरला, आणि शुभा तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. "निधी," ती म्हणाली. निधीने पेल्याचा तळ ओढणीला पुसला आणि ती बाहेर गेली.

"मावशी, सॉरी हं," हॉलमधून निधीचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. "मी मुलुंडचंच कॉलेज टाकलंय पहिलं. भरला पण फॉर्म, काल रात्रीच."

"अगं, मी तुझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली. तूच म्हणालीस ना, नको वाटतं घरात म्हणून?"

"तेव्हा वाटायचं. आता आई आहे ना."

शुभाला हेच ऐकायचं होतं. याच एका वाक्यासाठी तिने दोनशे दहा मिनिटं वेचून काढली होती. निधी जाणार नव्हती. ती इथेच राहणार होती, या घरात, आईजवळ. ओट्यापासून हॉलच्या दारापर्यंत सात पावलं असतील. शुभा वळली आणि तिने पहिलं पाऊल टाकलं, आणि तिच्या कोपराचा धक्का लागून दुधाच्या पातेल्यावरचं झाकण ओट्यावरून खाली पडलं. फरशीवर ते केवढ्याने तरी वाजलं आणि गरगरत राहिलं.

हॉलमधलं बोलणं थांबलं.

"आत कोण आहे गं?" रुचिराने विचारलं.

 दुसरं कुणी उत्तर देईल असं शुभाला वाटलं होतं, पण उत्तर निधीने दिलं, आणि ते द्यायला तिला एक क्षण लागला.

"कोणी नाही, मावशी," निधी म्हणाली. "आम्ही दोघीच असतो."

झाकण अजून फिरत होतं. शुभा खाली वाकली आणि त्याचा आवाज थांबावा म्हणून तिने ते दोन्ही हातांनी फरशीवर दाबून धरलं.